गतिरोधक कुणाच्या दारात

स्वित्झर्लंडचं नाव मी वैजनाथ मेंबरसमोर काढायला नको होतं.

एरवी मी कुणासमोर काहीच काढत नाही. सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. तिथे ‘शांतता राखा’ अशी पाटी होती. ती विद्यार्थ्यांसाठी होती, पण मनापासून पाळली ती मीच. निवृत्तीनंतर आखाडा बाळापुरात घर बांधून राहायला आलो, तेव्हा गल्लीतल्या बायांचा बरेच दिवस समज होता की पद्माबाई, म्हणजे माझी बायको, एकटीच राहते. असा माणूस बोलायला लागला की कुणाचं तरी नुकसान होणार, हे मला कळतं. पण त्या संध्याकाळी राहवलं नाही.

मूळ कारण आमचा रस्ता. मोठ्या रस्त्याचं काम निघालं आणि कुण्या हुशार टेम्पोवाल्याला शोध लागला, की बाजारातून आमच्या गल्लीत शिरलं तर थेट वारंगा फाट्याच्या रस्त्याला लागता येतं. शोध लावणारा एकच असतो, पण फायदा सगळी मानवजात घेते. हळदीचे दिवस होते. पोती लादलेले ट्रॅक्टर, टेम्पो, शाळेच्या गाड्या, एकेका मोटारसायकलवर तिघं तिघं बसलेली पोरं, सगळे आमच्या दारावरून धुरळा उडवत जायला लागले. शेजारच्या मनकर्णाबाईंच्या शेळीचा पाय मोडला. आरोग्य केंद्रात नर्स असलेल्या शिवकन्याच्या दारातली तुळशीची कुंडी फुटली. माझंही काहीतरी झालं होतं. आमच्या फाटकाशीच एका मोटारसायकलच्या हँडलला माझी पिशवी अडकली आणि पिशवीबरोबर मीही थोडा पुढे गेलो. पण ही तक्रार मी कुठे मांडली नाही. मी त्या वेळी चालता चालता वाचत होतो आणि पुस्तक ऐन रंगात आलं होतं. चूक कुणाची, हे ठरवणं अवघड होतं.

शेळीच्या पायानंतर व्यंकटरावांच्या अंगणात बैठक भरली. व्यंकटराव आमच्या गल्लीतले वजनदार गृहस्थ. डोंगरकड्याकडे शेती, दारात स्वतःचा ट्रॅक्टर, आणि घर नेमकं वळणावर. रस्त्यावर ब्रेकर टाकला पाहिजे, यावर सगळ्यांचं एकमत झालं. मराठी माणसाचं इतक्या लवकर एकमत झालेलं पाहून मला जरा भीतीच वाटली. मग मेंबरनी विचारलं, “बरं, टाकायचा कुणाच्या दारात?” आणि सभा थंड झाली.

व्यंकटराव म्हणाले, त्यांच्या सुनेला दिवस गेलेत, दारात आदळआपट नको. शिवकन्याची रात्रपाळी असते, ती दिवसा झोपते. आणखी एकांना कुणीतरी सांगितलं होतं की दारासमोर उंचवटा असला की घरात येणारी लक्ष्मी अडखळते. लक्ष्मी गाडीवर बसून येते का, असं विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही. मनकर्णाबाईंची अडचण सगळ्यांत प्रामाणिक होती. ब्रेकर दारात आला की शेळी त्यावरच जाऊन बसेल.

माझीही अडचण होती, पण मी ती बोललो नाही. आमच्या घराला रस्त्याकडे एक ओटा आहे. ओट्यावर एक आरामखुर्ची मावते आणि खुर्चीत मी मावतो. सकाळचं ऊन आणि पुस्तक, एवढं मिळालं की आयुष्याकडून आता मला काही नको आहे, पेन्शन सोडून. गाड्या भरधाव जातात, पण जातात तरी. एक ओळ चुकते, पुढची सापडते. दारात ब्रेकर आला तर काय होईल, ते मला स्पष्ट दिसत होतं. गाडी येणार, ब्रेक करकचणार, गिअर खरखरणार, मागचा हॉर्न वाजवणार, आणि गाडीतला माणूस खुर्चीतल्या माणसाकडे बघणार. लाजाळू माणसाला आवाजाची भीती कमी असते, बघण्याची जास्त.

वैजनाथ मेंबरची अडचण याहून मोठी होती. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आली होती. डोक्याला हात लावून ते म्हणाले, “ज्याच्या दारात टाकीन, त्याचं घर गेलं माझ्या हातातून. न्हाई टाकला तर समदी गल्ली गेली. मी करू तरी काय?”

आणि मी बोललो. आदल्याच आठवड्यात मी सार्वमतावर एक पुस्तक वाचलं होतं. नवं वाचलेलं पोटात ठेवणं हे नवं बाळंत झालेल्या बाईनं बाळाचं नाव न सांगण्याइतकं कठीण असतं. मी म्हणालो, स्वित्झर्लंडमध्ये असे प्रश्न प्रतिनिधींवर सोडत नाहीत, लोकांनाच थेट विचारतात, मत घेतात, आणि जे निघेल ते सगळे मानतात.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खुर्चीतला मी मला आठवला.

मेंबरचा चेहरा मात्र उजळला. “म्हंजे निर्णय लोकायचा, आन् मेंबर मीच? लई बराबर हाय की, सर. मग तुमीच घ्या ते सार्वमत.”

मी नको म्हणालो, पण माझं नको कुणाला ऐकू जात नाही.

घरी परतलो तर पद्माबाई फाटकात उभी होती. हल्ली मी कुठूनही यायच्या वेळेला ती फाटकात असायची. दूधवाल्याची वाट बघत असावी, असा माझा समज होता. दूधवाला सकाळी येतो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “तुमाला कुणी बोलाय सांगितलं व्हतं?” हा प्रश्न तिनं लग्नानंतर पहिल्यांदाच विचारला. एरवी तिची तक्रार उलटी असते.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, पण कुतूहल त्याहून मोठं होतं. मी घटनेची प्रत काढून पुन्हा चाळली. आपल्याकडे देशाच्या कारभारात सार्वमताची सोय ठेवलेली नाही. आपण माणसं निवडून देतो आणि विचार करायचं काम त्यांच्यावर सोपवतो. त्यात शहाणपण असलं पाहिजे, कारण घटना करणाऱ्यांनी माझ्यापेक्षा पुष्कळ वाचलेलं होतं. प्रतिनिधी असला की तो चार बाजू ऐकतो, थोडं इकडे थोडं तिकडे करतो, आणि शिव्या खायला एक ठरलेला माणूस मिळतो. थेट मत घेतलं तर शिव्या कुणाला द्यायच्या? पण दुसरी बाजूही होती. माणसाला थेट विचारलं, तुला नक्की काय पाहिजे, तर तो काय सांगतो? मला उभ्या आयुष्यात असं कुणी विचारलं नव्हतं. वधूपरीक्षेतसुद्धा वडिलांना विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि मेंबर तालुक्याच्या एका कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी नकाशा उलगडला आणि सांगितलं की सरकारदरबारी आमच्या गल्लीत रस्ताच नाही, तिथे पाणंद आहे. पाणंदीवरून बैलगाडी जाते. बैलगाडीला गतिरोधक कशासाठी? मेंबर म्हणाले, साहेब, शेळीचा पाय मोडला. साहेब म्हणाले, बैलगाडीखाली? मला साहेबांचं म्हणणं तर्कशुद्ध वाटलं आणि मी मान हलवली, त्यावर मेंबरनी मला टेबलाखालून पाय मारला. शेवटी चहा झाल्यावर साहेब मवाळ झाले. ग्रामपंचायतीनं पाणंदीची किरकोळ दुरुस्ती म्हणून स्वतःच्या खर्चानं उंचवटा केला तर त्यांची हरकत नव्हती. मात्र नेमकी जागा आणि तिला सगळ्या रहिवाशांची संमती, हे ठरावात लेखी पाहिजे. म्हणजे सार्वमत आता अटळच झालं.

मी नियम लिहायला बसलो. मत घराला एक की माणसाला एक? व्यंकटराव म्हणाले घराला एक, घरात मी असताना बाकीच्यांना कशाला तकलीफ. शिवकन्या म्हणाली, तसं असेल तर तुमच्या घराचं मत काकू देतील. मग माणसाला एक असं ठरलं. व्यंकटरावांची दोन्ही मुलं पुण्याहून फोनवर मत द्यायला तयार होती, त्यांना मी नम्रपणे नाही म्हटलं, म्हणजे पद्माबाईला म्हणायला लावलं. भाडेकरूंना मत द्यावं की नाही यावर दोन दिवस गेले. गल्लीच्या टोकाला एक मोकळा प्लॉट आहे, मालक नांदेडला असतो. त्याच्यासमोर ब्रेकर टाकावा अशी एक सूचना आली. ती मी स्वतः फेटाळली. ज्याला मत नाही त्याच्यावर ओझं टाकणं हा अन्याय आहे, असं मी म्हणालो. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत लांब भाषण. कुणीतरी टाळीही वाजवली. शेवटचा नियम मी ठळक अक्षरांत लिहिला. निकाल कुणाच्याही दारात लागो, तो सर्वांवर बंधनकारक राहील. त्याखाली माझी सही.

मग मनकर्णाबाईंनी विचारलं, “बाटली कुठंय?”

त्यांच्या माहेरी दारूचं दुकान बंद करायला बायांचं मतदान झालं होतं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. मनकर्णाबाई अभिमानानं म्हणाल्या, “आमी समद्यांनी आडवी केली. हितं बाटली न्हाई तर मत देऊ कशाला?” त्यांना वाचता येत नव्हतं. गल्लीत अशा आणखीही काही बाया होत्या. मुद्दा बिनतोड होता. चिन्हं हवीत.

चिन्हांनी मला जेवढा त्रास दिला, तेवढा नियमांनीही दिला नाही. प्रत्येक दाराला एक चिन्ह. व्यंकटरावांना ट्रॅक्टर, मनकर्णाबाईंना शेळी, शिवकन्याला इंजेक्शन, मला पुस्तक. बाकीच्यांना छत्री, कपबशी, पंखा. चिन्हं वाटली आणि लोक खूश झाले. ब्रेकर ज्याच्या दारात टाकायचा, त्याच्या चिन्हावर शिक्का मारायचा आहे, हे मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. सगळे मान डोलवत होते. छत्रीवाल्यांना कपबशी आवडली होती, म्हणून त्यांनी अदलाबदल करून घेतली. आपल्याला मिळालेली वस्तू कशासाठी मिळाली आहे, याची चौकशी करण्याआधी ती शेजाऱ्याच्या वस्तूपेक्षा बरी आहे का, हे माणूस बघतो. हे मी कुठे वाचलेलं नाही. त्या दिवशी बघितलं.

माझं डोकं इतकं चाललं होतं की मी आचारसंहिताही केली. मतदानापर्यंत कुणीही निवडणूक अधिकाऱ्याशी, म्हणजे माझ्याशी, या विषयावर बोलायचं नाही. निवडणूक अधिकारी तटस्थ राहिला पाहिजे. मत देण्याचा हक्क मी राखून ठेवला होता, पण प्रचार ऐकण्याचा नाही. आचारसंहिता इतकी काटेकोर पाळली गेली की मला भरून आलं. मी गल्लीतून निघालो की ओट्यावरचे लोक बोलायचे थांबत. व्यंकटरावांच्या अंगणात रोज संध्याकाळी चहा होई, मी दिसलो की कपबशा तोंडाला लागत आणि सगळे आभाळाकडे बघत. लोकशाहीची एवढी शिस्त आमच्या गल्लीत असेल, असं मला वाटलं नव्हतं. पद्माबाईला मी तसं म्हणालोही. ती भाकरी थापत होती. भाकरी थापतानाच म्हणाली, “लई शिस्त हाय.”

मतदान रविवारी ठेवलं. मतपेटी म्हणून शिवकन्यानं तांदळाची पत्र्याची कोठी दिली. तिच्या झाकणाला फट पाडली. मतदान झालेल्याच्या बोटाला खूण हवी, नाहीतर ते मतदान कसलं, असा सगळ्यांचा आग्रह. मला वाटलं, आपल्या भागात हळदीची काय कमी? ओली हळद बोटाला लावू. ही सूचना माझी, आणि तिची लाज मला आजही वाटते. हळदीच्या दिवसांत गल्लीतल्या निम्म्या माणसांचे हात मनगटापर्यंत पिवळे असतात. मनकर्णाबाई मत द्यायला आल्या आणि मेंबरच्या माणसानं बोटं बघून त्यांना परत पाठवलं. हिचं झालंय. त्यांच्या मागे आलेल्या सगळ्यांचंच झालेलं होतं. पेटी मात्र रिकामी. शेवटी शिवकन्यानं घरातून नेलपॉलिश आणली. व्यंकटरावांनी लाल नेलपॉलिश लावून घेताना जो चेहरा केला, तो पाहून मला माझी भीती विसरायला झालं. त्यानंतर कितीतरी दिवस ते हात खिशात घालूनच चहाला बसत.

मीही मत दिलं. पडद्यामागे गेलो आणि फार गंभीरपणे विचार केला. आपलं दार वाचवायचं म्हणून दुसऱ्याचं निवडणं हा स्वार्थ झाला. तर्कानं विचार केला तर ब्रेकर वळणाच्या आधी हवा, कारण वळणावर समोरचं दिसत नाही. वळणावर घर व्यंकटरावांचं. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, उलट दिवाळीला त्यांच्याकडून येणारे अनारसे मला फार आवडतात. पण सत्य ते सत्य. मी ट्रॅक्टरवर शिक्का मारला, घडी घातली आणि कोठीत टाकली. मत गुप्त असतं ही केवढी मोठी सोय आहे, असं वाटलं.

संध्याकाळी व्यंकटरावांच्याच अंगणात मोजणी झाली. कोठी सतरंजीवर उलटी केली, चिठ्ठ्यांबरोबर थोडे तांदळाचे दाणे पडले, ते मनकर्णाबाईंनी वेचले. शिवकन्या एकेक घडी उलगडून वाचू लागली. “पुस्तक.” मी मान हलवली. “पुस्तक.” असं होतं कधी कधी, सुरुवातीला. “पुस्तक. पुस्तक. पुस्तक.” एकाच दिशेनं मोजणी जाते असं मी वाचलं होतं. “पुस्तक.” मग तिनं एक चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. “ट्रॅक्टर.” अंगणात शांतता पसरली. कॉलेजच्या ग्रंथालयात मी जन्मभर जिची वाट पाहिली, ती शांतता. त्यानंतर पुन्हा पुस्तक, पुस्तक, शेवटपर्यंत.

सगळी मतं पुस्तकाला. ट्रॅक्टरला एक.

इथे मला एक गोष्ट कळली, जी सार्वमतावरच्या पुस्तकात नव्हती. गल्लीतल्या प्रत्येकाचं मत गुप्त राहिलं, फक्त माझं सोडून. व्यंकटराव माझ्याकडे बघत नव्हते. ते गच्चीकडे बघत होते आणि शांतपणे म्हणत होते, “माझ्या दारात टाका म्हणणारा एकच माणूस निघाला म्हणायचा.” मी वळणाबद्दल काहीतरी बोललो. ते कुणाला ऐकू गेलं नाही. त्या दिवाळीला अनारसे आले नाहीत.

पण एवढ्यावर भागलं नाही. मोजणी झाली की गुलाल, ही आपली रीत. मेंबरच्या माणसांनी सवयीनं गुलाल आणून ठेवलेला. त्यांना इतकंच कळलं की पुस्तक चिन्ह प्रचंड मतांनी आलं आहे. त्यांनी मला धरलं, कपाळापासून धोतरापर्यंत माखलं आणि गळ्यात झेंडूची माळ घातली. कुणीतरी हलगीही काढली. जन्मात पहिल्यांदा माझी मिरवणूक निघाली, आणि ती मी हरल्याबद्दल होती. मनकर्णाबाई वाटीत साखर घेऊन पुढे आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

“किसनभाऊ, मी तुमालाच दिलं,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्याला काहून देऊ? तुमी कुणाच्या घेण्यात न्हाई, देण्यात न्हाई. चांगला माणूस निवडून येवा.”

मी साखर खाल्ली. मत द्यायचं ते आवडत्या माणसाला, हे त्या आयुष्यभर शिकलेल्या होत्या. एका रविवारी माझ्या नियमांनी ते कसं पुसलं जाणार?

फाटकात पद्माबाई उभी होती. मला आपादमस्तक लाल बघून ती आधी घाबरली, मग तिला गुलालाचा वास आला. तेव्हा मला दुसरी गोष्ट कळली, आणि मी पायरीवरच बसलो. ट्रॅक्टरचं एक मत माझं. म्हणजे पद्माबाईचं मत पुस्तकाला होतं.

मी काही विचारलं नाही. मत गुप्त असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवकन्या रात्रपाळीवरून येताना ओट्याशी थांबली. आता आचारसंहिता संपली होती. तिनं मोकळेपणानं सांगितलं की हे व्यंकटरावांच्या अंगणात आधीच ठरलेलं होतं. “वाईट वाटून घेऊ नका, सर. दुसऱ्या कुणाच्या बी दारात टाकला असता ना, तर आठ दिवसात त्यानं सब्बल घालून उखडला असता. तुमी काय उखडणार न्हाई. ब्रेकर टिकायचा असंल तर तुमचंच दार.” मी विचार केला आणि मला तिच्या बोलण्यात एकही चूक सापडली नाही. माझ्याकडे सब्बलही नाही.

दुपारी वैजनाथ मेंबर आले. आवाज खाली आणून म्हणाले की ठरावात जागेचं नाव त्यांनी अजून लिहिलेलं नाही. “सर, तुमी लई केलंत. त्या नांदेडवाल्याच्या प्लॉटम्होरं टाकून देऊ. तो कशाला बघाय येतोय? गल्लीला मी समजावतो. सार्वमत ठीक हाय, पण मग मेंबर काय भजे तळायला निवडून दिला का?”

मी मेंबरकडे नव्या नजरेनं पाहिलं. सगळ्यांनी ठरवलेलं एका माणसावर अन्याय करत असेल, तर ते जरासं वाकवायला मध्ये एक माणूस लागतो. त्यालाच प्रतिनिधी म्हणत असावेत. घटना करणारे मला एकदम फार जवळचे वाटले. माझी खुर्ची, माझं ऊन, सगळं त्या कोऱ्या जागेत परत येऊ शकत होतं. पण खाली माझीच सही होती. कुणाच्याही दारात लागो, सर्वांवर बंधनकारक. मी मेंबरना म्हणालो, उद्या सांगतो.

संध्याकाळी चहा घेताना मी मेंबरचं बोलणं पद्माबाईला सांगितलं आणि तिचा चेहरा उतरला. मी फार आडवळणानं म्हणालो, की मत गुप्त असतं हे खरं, पण नवऱ्याच्या बाबतीत काही अपवाद असावा का, याचा मी विचार करतो आहे.

ती म्हणाली, “घुमवू नका. आपल्याच दारावर मारला मी शिक्का.”

“काहून?” मी म्हणालो. मी सहसा असा बोलत नाही.

“ती पिशवी अडकली, त्या दिवशी मी फाटकात व्हते. तुमी पडता पडता वाचलात. आन् सावरून काय म्हणलात, ठाव हाय का? पान कुठलं व्हतं, म्हणलात.” तिनं बशी खाली ठेवली. “तुमी रस्त्यानं वाचत यायचं सोडणार न्हाई. चाळीस वरसं सांगून बघितलं. मग गाड्यांनीच हळू जावं म्हणलं.”

मी कप तोंडाला लावला. चहा संपलेला होता.

एकाच चिन्हावर एवढे शिक्के पडले होते. एक मायेचा होता, पुष्कळसे सोयीचे, आणि एक मी घरी परत यावं म्हणून. कोठीतून बाहेर पडले तेव्हा सगळे सारखेच दिसत होते. मतपत्रिकेवर काय पाहिजे ते विचारलेलं असतं. का पाहिजे, याला जागा नसते. पुन्हा कधी सार्वमत घेतलं तर मी ती ठेवीन. घेणार नाही म्हणा.

मेंबरना मी निरोप दिला, जागेचं नाव लिहा. किशनराव ग्रंथपालांच्या दारासमोर. त्यांनी दोनदा विचारून खात्री केली.

ब्रेकर झाला. तो करताना मिस्त्रीनं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला उंची किती ठेवू असं विचारलं आणि प्रत्येकाचं ऐकलं, त्यामुळे तो जरा टेकडीसारखा झाला आहे. मनकर्णाबाईंची शेळी, पाय बरा झाल्यापासून, त्यावरच बसते. मला वाटलं होतं तसंच सगळं घडतं. गाडी येते, करकचते, खरखरते, आणि आतला माणूस माझ्याकडे बघतो. काही जण नमस्कार करतात. एक टेम्पोवाला रोज विचारतो, “सर, संपलं का पुस्तक?” त्याला काय उत्तर द्यावं, याची मी अजून तयारी करतो आहे. सकाळी पूर्वी दहा पानं व्हायची, आता तीन होतात.

ब्रेकर वाळून रस्ता सुरू झाला त्या संध्याकाळी मी वाचनालयातून निघालो. येताना नेहमीप्रमाणे वाचत होतो. आमच्या दाराशी करकच्च आवाज झाला तेव्हा वर पाहिलं. हळदीची पोती भरलेला एक ट्रॅक्टर ब्रेकरच्या पलीकडे जवळजवळ थांबला होता आणि मी जाईपर्यंत चालवणारा शांतपणे वाट बघत होता. ट्रॅक्टर व्यंकटरावांचा होता आणि चालवणारे व्यंकटराव. त्यांच्या अंगठ्यावर अजून थोडा लाल रंग होता. त्यांनी हातानं इशारा केला, या, या. मी पुस्तक मिटून रस्ता ओलांडला.

फाटकात कुणी नव्हतं.

मी एकदम घाबरलो. आत धावलो तर पद्माबाई चुलीपाशी आरामात बसून शेंगदाणे सोलत होती. मी विचारलं, आज दारात नव्हतीस?

“आता काहून उभी राहू?” ती मान वर न करता म्हणाली. “बाकीच्याला गाड्या निस्त्या हळू व्हत्यात. ब्रेक लागून पार थांबली की कळतंय मला, तुमी आलात.”

मग तिनं शेंगदाण्याची वाटी माझ्याकडे सरकवली. मी ती घेऊन ओट्यावर गेलो, आणि उरलेल्या उजेडात पान कुठलं होतं ते शोधत बसलो.